टाकलेली पानं

"तीन पत्तों में कौन से काँटे लगे थे? पहले पाँच दिए, फिर सात, अब चार-चार. अगले इतवार पूरी गड्डी ही थमा देंगे हाथ में," नीलम रस्तोगी नवऱ्याच्या कानाशी कुरकुरली.

सरोज त्या दोघांच्या अगदी पाठीशी उभी होती, हातात चकल्यांचं ताट. नीलमच्या केसांतल्या आवळ्याच्या तेलाचा वास तिला येत होता, इतकी जवळ. नीलमनं वळून पाहिलं आणि तिचं तोंड एवढंसं झालं.

"अरे भाभीजी! मैं तो इनसे कह रही थी, सर के यहाँ कितना नया-नया सीखने को मिलता है."

"हाँ, सुना ना मैंने," सरोज म्हणाली. "चकली लो. गरम है."

नीलमनं चकली घेतली आणि ती इतक्या मन लावून खाऊ लागली की पुढे काही बोलायचा प्रश्नच उरला नाही. विजय रस्तोगी छताच्या पंख्याकडे बघत होता. नोव्हेंबर महिना, पंखा बंद होता.

तांबवेकरांच्या बंगल्यावर दर रविवारी दुपारी पोकरचा डाव बसायचा, त्याला पंधरा वर्षं झाली होती. ऐंशी साली कंपनीनं सरोजच्या नवऱ्याला, भास्कररावांना, सहा महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी जर्मनीला पाठवलं. बरोबर गेलेले बाकीचे साहेब लोक येताना मिक्सर आणि सेंटच्या बाटल्या घेऊन आले. भास्करराव एक लाकडी पेटी घेऊन आले. पेटीत लाल, निळ्या, पांढऱ्या चिप्स आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. सरोजला वाटलं होतं, इस्त्री असेल.

लखनौत पत्ते म्हणजे दिवाळीतली तीन पत्ती. घरोघरी चादरी अंथरायच्या, बायकांनीसुद्धा ब्लाइंड चाल मारायची, आणि हरलेल्यानं सगळ्यांना समोसे खिलवायचे. भास्कररावांना ते मुळीच मंजूर नव्हतं. "तीन पत्ती म्हणजे नशिबाचा बाजार," ते म्हणायचे. "पोकर म्हणजे डोकं. समोरच्याच्या हातात काय आहे ते त्याच्या तोंडावर वाचता आलं पाहिजे." त्यांच्या घरी पैशांनी खेळायचं नाही, फक्त चिप्सनी. पण खेळायचं ते साहेबासारखं, टेबल-खुर्चीवर.

पहिल्या वर्षी त्यांनी सगळ्यांना पाच पानांचा शिकवला. पाच पानं हातात, नको असतील ती टाकून तेवढीच नवी घ्यायची. जोडी, दोन जोड्या, एकाच आकड्याची तीन, ओळीनं पाच, एका रंगाची पाच, मग फुल हाउस म्हणजे तीन आणि दोन, असं चढत जायचं. पुढे सात पानांचा आला: त्यातली तीन झाकलेली आणि चार सगळ्या जगाला दिसणारी. मग टेक्सास. दोन पानं आपल्या हातात आणि पाच टेबलाच्या मधोमध, सगळ्यांच्या मालकीची. त्या सातांतून आपली पाच निवडायची. मधेच एक वर्ष उलटा खेळ झाला, ज्यात सगळ्यांत हलका हात जिंकतो. त्या वर्षी तर रस्तोगी मेटाकुटीला आला होता. बाकीच्या खेळांत पडेल पानं सहज मिळतात; उलट्या खेळात हरायचं म्हणजे हातातल्या दुर्री-तिर्री टाकून राजे-राण्या ओढायच्या आणि वर हळहळल्याचं दाखवायचं.

कारण हरायचं हे ठरलेलंच होतं. कोणी ठरवलं होतं असं नाही. टेबलाभोवतीची माणसं बदलत गेली. पण जो कोणी यायचा तो भास्कररावांच्या हाताखालचा असायचा, आणि एप्रिलमध्ये त्याचा गोपनीय अहवाल भास्करराव लिहायचे. सुरुवातीला श्रीवास्तव नावाचा एक हसरा पोरगेला इंजिनीयर यायचा. तो लागोपाठ दोन रविवार जिंकला, दुसऱ्यांदा तर चिप्सचा ढीग मिठीत घेऊन नाचला. पावसाळ्याआधी त्याची बदली अशा एका डेपोत झाली जिथं टपालसुद्धा आठवड्यातून दोनदा पोचायचं. बदलीचा आणि पत्त्यांचा काही संबंध होता असं कोणीच म्हणालं नाही. फक्त त्यानंतर त्या टेबलावर हाताखालचं कोणी जिंकलं नाही.

हे भास्करराव सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. सरोजला तर सगळ्यांत जास्त.

ती खेळायची नाही. "तू डीलर," त्यांनी पहिल्याच रविवारी जाहीर केलं होतं. पानं पिसायची, वाटायची, मधली पानं एकेक करून उलटायची आणि ज्यानं डाव सोडला त्याची पालथी पानं गोळा करून बाजूला ठेवायची. "टाकलेली पानं कोणाला दाखवायची नाहीत. मलासुद्धा नाही. जगात कुठंही गेलीस तरी डीलरचा पहिला नियम हाच." सरोजनं तो नियम तंतोतंत पाळला. कोणाला दाखवली नाहीत. पण गोळा करताना, पुढच्या डावासाठी पिसताना, तिची नजर जायचीच. गेली पंधरा वर्षं ती बघत आली होती: तीन एक्के टाकलेले. फुल हाउस टाकलेलं. एकदा तर हातात बदामाची ओळीनं पाच पानं, आयुष्यात एकदा येणारा हात, आणि त्या माणसानं एक सुस्कारा सोडून "सर के आगे कहाँ टिकेंगे" म्हणत तो पालथा सरकवला. सरोजला त्या पानांचीच दया आली होती.

चार पानांचा खेळ, म्हणजे ओमाहा, त्यांनी निवृत्तीच्या वर्षी काढला. हातात चार आणि मध्ये पाच. सरोजनं शब्दकोश घेऊन ते इंग्रजी पुस्तक वाचून काढलं होतं. दुपारी वेळ कसा जायचा हा तिचा प्रश्न पुस्तकांनीच सोडवला होता. त्यात हेही एक. त्यात साफ लिहिलं होतं की हातातली दोनच पानं धरायची, ना कमी ना जास्त. भास्करराव तीन धरायचे, कधी चारही. तिनं एकदा चहा ठेवता ठेवता म्हटलं, "अहो, पुस्तकात दोनच म्हटलंय." त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग रस्तोगीकडे पाहिलं. "रस्तोगी, कितने?" रस्तोगी म्हणाला, "सर, जितने आप कहें." तेव्हापासून त्या बंगल्यात ओमाहाचा स्वतःचा नियम होता.

ऑक्टोबरअखेर भास्करराव निवृत्त झाले. हार झाले, भाषणं झाली, चांदीच्या मुलाम्याचा ताजमहाल मिळाला. बंगला डिसेंबरपर्यंत ठेवता येणार होता. मग सामान बांधून साताऱ्याला. सरोजला वाटलं, आता रविवार संपले. तर पुढच्याच रविवारी रस्तोगी बायकोसह हजर, आणि मागोमाग सिक्युरिटीचा जयसिंग घोरपडे. फौजेतून आलेला, मूळचा फलटणचा, दोन अंगठ्यांएवढ्या मिशा. सवयीनं आले की दयेनं, ते तिला कळेना. कदाचित त्यांनाही कळत नसावं.

चकलीच्या त्या रविवारी डाव संपल्यावर भास्कररावांनी चिप्स रचता रचता सांगितलं, "बुधवारची नाही, त्यापुढच्या बुधवारची गाडी आहे. गोरखपूर, तिथून सोनौली, तिथून बसनं काठमांडू."

"पशुपतिनाथ?" नीलमनं विचारलं.

"कॅसिनो," भास्करराव म्हणाले. "भई, पंद्रह साल हो गए मुझे यहाँ जीतते हुए. घरच्या मैदानावर किती खेळणार माणूस? तिथं बाहेरचे लोक येतात, खरा पोकर चालतो म्हणतात. फंडातले पैसे आलेत. जरा हात चालवून बघतो."

फंडातले पैसे म्हणजे साताऱ्यात जी जागा बघून ठेवली होती ती. मुलीचं, उल्काचं लग्नही त्यातच आणि पुढचं सगळं म्हातारपण. सरोजनं रस्तोगीकडे पाहिलं. तो आता बोलेल. नाही तर जयसिंग बोलेल, तो तर सैनिक माणूस.

"सर तो छा जाएँगे वहाँ," रस्तोगी म्हणाला.

"नेपाळवाल्यांचं काही खरं नाही, साहेब," जयसिंग म्हणाला आणि मिशीवरून हात फिरवला.

नीलमनं आणखी एक चकली घेतली.

त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस सरोजनं स्वतः बोलायचा प्रयत्न केला. म्हणजे तिनं शब्द जुळवले. भाजी चिरताना जुळवले, कपडे वाळत घालताना जुळवले. ते समोर आले की जुळवलेलं सगळं विस्कटायचं आणि तोंडातून निघायचं, "थंडी फार असते म्हणतात तिकडे."

"कोट आहे ना माझा," ते म्हणायचे. आनंदात होते. आरशासमोर उभं राहून चेहरा दगडासारखा ठेवायचा सराव करायचे. तिला त्यांची मायाही यायची, हीच तर पंचाईत होती. या माणसानं आयुष्यात एक पैसा खाल्ला नव्हता, दारूला शिवला नव्हता, सासूबाईंच्या शेवटच्या आजारात बेडपॅन स्वतः उचललं होतं. फक्त हरणं तेवढं त्याला जमत नव्हतं.

मंगळवारी ती उल्काला म्हणाली, "तू सांगून बघतेस का बाबांना?"

उल्का व्हरांड्यात केस वाळवत बसली होती. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. मराठी सगळं कळायचं तिला, पण उत्तर नेहमी हिंदीत. "मैं? आई, मज़ाक मत करो."

"तुझं ऐकतील."

"मेरा?" उल्का हसली. "आठवीं में थी मैं. तीन नहले आए थे और मैंने ताली बजा दी थी. याद है?"

सरोजला आठवत होतं. दिवाळीची दुपार, तेरा वर्षांची पोर, हातात तीन नव्व्या, आणि जिंकल्यावर वाजवलेल्या टाळ्या. भास्कररावांनी हात उगारला नव्हता, आवाजही चढवला नव्हता. फक्त ते अकरा दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मधल्या चार दिवसांत तिला ताप होता. दाराशी येऊन ते सरोजला विचारायचे, "औषध दिलं का?" पोर खाटेवरून त्यांच्याकडे बघत असायची. त्यानंतर उल्कानं पानाला हात लावला नाही.

"तुम बोलो ना आई. तुम तो पत्नी हो," उल्का म्हणाली, आणि केस झटकून आत निघून गेली.

बुधवारी सरोज रिक्षानं निशातगंजला गेली. रस्तोगीचं वडिलोपार्जित घर तिथं गल्लीत होतं, खाली कापडाची दुकानं. नीलमनं बसवलं, पाणी दिलं, मलिहाबादच्या माहेरच्या आंब्यांचं लोणचं पुढं केलं. दर जूनमध्ये त्याच बागेतली दशहरी आंब्यांची एक पेटी बंगल्यावर यायची. पुढच्या जूनमध्ये यायचं कारण नव्हतं, आणि हे तिघांनाही त्या लोणच्याकडे बघता बघता एकदमच सुचलं असावं.

"विजय भैया," सरोज म्हणाली, "इस रविवार को आप सच्चा खेलो."

रस्तोगीनं चष्मा काढला. "मतलब, भाभीजी?"

"मतलब आप समझते हो. मैं पत्ते उठाती हूँ. मुझको सब दिखता है."

रस्तोगीचे कान लाल झाले होते.

"भाभीजी, वो तो लिहाज़ है," तो म्हणाला. "बड़ों का लिहाज़, अदब. सर का दिल रह जाता था, हमारा क्या जाता था? प्लास्टिक ही तो था."

"अब प्लास्टिक नहीं है."

"आप सर को समझाइए ना."

"मैं समझाऊँगी तो कहेंगे तुमको क्या समझता है. एक बार हारेंगे, दो बार हारेंगे, तो खुद समझ जाएँगे. एक ही रविवार है, भैया."

नीलम मधेच म्हणाली, "ये जीतेंगे. मैं कसम दिलवाती हूँ इनसे." आणि नवऱ्याला, "अब तो रिटायर हो गए, अब काहे का..." आणि तिथंच थांबली. कशाचं, ते तिनं म्हटलं नाही. रस्तोगी घाईघाईनं म्हणाला, "लिहाज़. हाँ. ठीक है, भाभीजी. इस बार सीधा खेलूँगा."

जयसिंगला तिनं फोनवर गाठलं. "वहिनी, तुमचा शब्द म्हणजे ऑर्डर," तो म्हणाला. "पण साहेबांना अंदाज नाही यायचा ना, की आपलं आधी ठरलंय?"

"ठरलंय काय त्यात? खेळा म्हटलंय फक्त."

"तेच ते," जयसिंग म्हणाला. आवाज काही फौजेतला वाटला नाही.

रविवार उजाडला. छान ऊन होतं, म्हणून भास्कररावांनी टेबल व्हरांड्यात मांडायला लावलं. अंगात काठमांडूचा कोट. म्हणे सवय व्हायला हवी. उल्का पलीकडे पायरीवर पुस्तक घेऊन बसली. ती इतक्या जवळ बसेल असं सरोजला वाटलं नव्हतं.

"आज टेक्सास," भास्करराव म्हणाले. "तिथं तोच चालतो. बघा, रिवीजन करतो. दोन तुमच्या हातात. त्यावर बोली. मग मध्ये तीन उघडणार, त्यावर बोली. मग चौथं, मग पाचवं. नीलमजी, कळलं?"

"जी सर," नीलम म्हणाली. आठ वर्षं ती हेच ऐकत होती.

पहिला डाव जयसिंगनं टाकला, दुसरा नीलमनं. तिसऱ्यात रस्तोगी डावात थांबला. त्याच्या कपाळावर घाम आला होता, तरी तो थांबला. भास्कररावांकडे अठ्ठ्यांची जोडी होती. रस्तोगीनं राण्या दाखवल्या.

"अच्छा?" भास्करराव म्हणाले.

रस्तोगीनं चिप्स ओढल्या. ओढताना दोन खाली पडल्या. त्या उचलायला तो वाकला तो बराच वेळ वर आला नाही. सरोजनं पानं गोळा केली. छातीत काहीतरी सैल झाल्यासारखं तिला वाटलं. एक. असे आणखी चारपाच.

भास्कररावांनी चष्मा काढून रुमालानं पुसला. पुन्हा घातला. आवाज अगदी शांत होता.

"रस्तोगी, वो सितंबर वाली टेंडर की फाइल याद है? जिसमें तुमने तारीख गलत डाली थी. मैंने ऊपर नहीं जाने दी थी. पता नहीं अब नए साहब क्या करेंगे."

एवढंच. खरं तर त्यात काहीच नव्हतं. पंधरा दिवसांपूर्वी निवृत्त झालेला माणूस, त्याला आता फाइल दिसणारही नव्हती. पण रस्तोगीची पाठ खुर्चीत अशी सरळ झाली जशी ऑफिसात व्हायची. जयसिंगनं मिशीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. पायरीवर उल्कानं पुस्तकाचं पान उलटलं, आणि लगेच परत मागे उलटलं. सरोजच्या स्वतःच्या हातून पिसताना पानं निसटली. तिच्या लक्षात आलं की ती त्यांच्या भुवईकडे बघते आहे. दुपारी जेवताना आमटीत मीठ कमी पडलं की बघायची, तशी.

पुढचा डाव तिनं वाटला. मध्ये तीन पानं उघडली: बदामाची दश्शी, किल्वरची दश्शी, चौकटची सत्ती. नीलमनं पॅक म्हणत पानं टाकली. भास्कररावांनी निळ्या चिप्स सरकवल्या. जयसिंग आत आला, रस्तोगी आत आला. चौथं पान, इस्पिकचा राजा. भास्कररावांचा आरशासमोर घोटवलेला दगडी चेहरा खुलला. तो न खुलता तरच नवल होतं. त्यांनी लाल चिप्सचा अख्खा मनोरा मध्ये ढकलला.

"बोलो."

"पॅक, साहेब," जयसिंग म्हणाला.

रस्तोगीनं आपल्या दोन पानांकडे पाहिलं. मग सरोजकडे पाहिलं. त्या नजरेत माफी होती, आणि त्या माफीचाच तिला जास्त राग आला.

"सर के आगे कहाँ टिकेंगे," तो म्हणाला आणि पानं पालथी सरकवली.

भास्करराव मोकळेपणानं हसले. त्यांनी हातातला राजा उलटा करून दाखवला. दाखवायची गरज नव्हती, पण आनंदात माणूस दाखवतो. "राजाची जोडी, दश्श्यांची जोडी. बघ सरोज, गेलेली बाजी एका डावात फिरवली की नाही? पोकर म्हणजे हेच."

सरोजनं टाकलेली पानं ओढली. गोळा करून बाजूला ठेवायची, एवढंच काम. हात त्यासाठीच पुढे गेला होता. पण त्या हातानं जयसिंगची पानं उलटी केली आणि टेबलावर, सगळ्यांसमोर मांडली: एक्का आणि दश्शी. मग नीलमची, चौकी आणि नव्वी. तिच्याकडे खरंच काही नव्हतं, आणि ते बघून सरोजला उगीच बरं वाटलं. मग रस्तोगीची. दश्शी आणि सत्ती.

"सरोज!" भास्करराव म्हणाले. "टाकलेली पानं..."

"हो. दाखवायची नाहीत. पहिला नियम." तिनं रस्तोगीची पानं मधल्या पानांशेजारी सरकवली. "तीन दश्श्या, दोन सत्त्या. फुल हाउस. जयसिंगकडे तीन दश्श्या. दोघंही तुमच्या वर."

कुंपणापलीकडून भाजीवाला "मटर ले लो" ओरडत गेला.

"सर, मैंने ठीक से देखा ही नहीं," रस्तोगी म्हणाला. "ये चश्मा, नंबर बदल गया है शायद."

"मला वाटलं तुमच्याकडे चार दश्श्या असतील, साहेब," जयसिंग म्हणाला.

"तिसरी दश्शी जयसिंगकडे, चौथी रस्तोगीकडे," भास्करराव म्हणाले. ते पानांकडे बघत होते. हुशार माणूस होता. एकदा पानं समोर आल्यावर त्याला मोजायला वेळ लागला नाही. त्यांनी एक बोट दश्शीवर ठेवलं, मग सत्तीवर. "रस्तोगी. कब से?"

रस्तोगीनं मान खाली घातली.

"जयसिंग?"

"साहेब, जाऊ द्या ना."

मग ते सरोजकडे वळले. "तू कधीपासून बघतेस हे?"

"श्रीवास्तवची बदली झाली तेव्हापासून."

"आणि गप्प बसलीस. पंधरा वर्षं?"

तिनं काही म्हणायच्या आत रस्तोगीनं तोंड उघडलं. घाईघाईनं, पडणाऱ्या कपाला हात लावावा तसं. "सर, ये तो मोहब्बत है हम लोगों की. आपका चेहरा खिल जाता था. घर जैसा था सब. हम लोग आपके लिए... क्यों नीलम?"

"हाँ हाँ, प्यार से, सर," नीलम म्हणाली.

"प्रेमच ते, साहेब," जयसिंगनं दुजोरा दिला.

भास्कररावांचा चेहरा थोडा थोडा परत जागेवर आला. तिघांकडे त्यांनी आळीपाळीनं पाहिलं. डोळे ओले झाले होते, खरोखरीचे. "वेडे आहात," ते म्हणाले. "माझ्यासाठी हरत बसलात?" त्यांनी कोटाची बटणं लावली आणि हसले. "काही हरकत नाही. म्हणजे मी किती पाण्यात आहे ते इथं कळणारच नव्हतं. आता तर जायलाच हवं काठमांडूला. तिथं माझ्यावर प्रेम करणारं कोणी नाही. तिथं खरं काय ते कळेल."

"वाह, सर," रस्तोगी म्हणाला, आणि त्याचा जीव भांड्यात पडलेला सगळ्यांना दिसला. नीलमनं चकलीचं ताट पुढं ओढलं. जयसिंगनं चिप्स रंगवार रचायला घेतल्या. एवढ्यात सगळं परत होतं तिथं जाऊन बसणार होतं. पायरीवर उल्का पुस्तक मिटून आईकडे बघत होती.

सरोजनं टेबलावर दोन्ही हात टेकवले.

"प्रेमानं नाही हो," ती म्हणाली. "तुम्ही हरलात की पुढचे दिवस आम्हाला काढावे लागतात. आम्ही सगळे भितो तुम्हाला. हे भितात, ती पोर भिते, आणि तीस वर्षं झाली, मीही भिते."